तारेविना चार्जिंग : शहरात सोपे, तालुक्यात अवघड

निलंगा - विजेवर धावणाऱ्या बसला केबल न जोडता चार्जिंग करता येते, हे परदेशात सिद्ध झाले आहे. मात्र निलंग्यासारख्या तालुक्याच्या आगाराचा विचार केल्यास खरी अडचण विज्ञानाची नाही. ती वेळेची, रस्त्याची आणि वीजपुरवठ्याची आहे.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा या पद्धतीचा पाया. रस्त्याखालील कॉइलमधून दिशा वेगाने बदलणारा प्रवाह सोडला, की बसच्या तळाशी बसविलेल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. दोन्ही कॉइल नेमक्या समोरासमोर हव्यात; बस थोडी बाजूला उभी राहिली तरी वीज वाया जाते. दक्षिण कोरियातील गुमी शहरात २०१३ मध्ये अशा बस २४ किलोमीटरच्या मार्गावर धावल्या. तेथे १७ सेंटिमीटर अंतरावरून सुमारे ८५ टक्के वीज बसपर्यंत पोहोचत असे.

ब्रिटनमधील मिल्टन कीन्स येथे २०१४ मध्ये मार्गाच्या दोन्ही टोकांना सुमारे दहा मिनिटे, १२० किलोवॉट क्षमतेने चार्जिंग केले जाई. म्हणजे एका थांब्यात फार तर २० युनिट. मोठ्या बसला किलोमीटरमागे साधारण एक ते दीड युनिट लागते. निलंगा ते लातूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. एका खेपेत खर्च झालेली वीज भरून काढायची, तर बस किमान २५ मिनिटे उभी ठेवावी लागेल. गर्दीच्या वेळी प्रवाशांना तेवढे थांबवणे परवडणारे नाही.

रस्त्याचा प्रश्न वेगळाच. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पुरलेल्या कॉइलचा पाया भक्कम नसेल, तर ती हलण्याचा धोका असतो. कॉइलवर पडलेला धातूचा तुकडाही तापतो. तो ओळखणारी यंत्रणा बसवावी लागते. शिवाय थोड्या मिनिटांत मोठा दाब पेलणारे रोहित्र हवे, ते वेगळेच.

एसटीची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली, ती केबलच्या चार्जिंगवरच. लांब पल्ल्याच्या ग्रामीण फेऱ्यांसाठी रात्री आगारात केबल जोडणे हाच तूर्त व्यवहार्य मार्ग दिसतो. तारेविना चार्जिंग शोभते ते ठरावीक थांब्यांच्या, लहान शहरी फेऱ्यांना.