वाटणीतले आरमार

मिठबावच्या आमच्या घराला विहीर एक आणि वाटेकरी चार. आजोबांच्या पिढीत वाटणी झाली, तेव्हा माजघर, पडवी, कलमे, माड सारे मोजून वाटले गेले. विहिरीपाशी मोजणी अडली. घरातले एक वडीलधारे तेव्हा म्हणाले होते, “घर वाटूक येता, बाव कशी वाटतलास?” आज त्या विहिरीवर चार पंप आहेत.

इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीविषयी वाचताना हे वाक्य मला हटकून आठवते. ११५४ ते ११८९ एवढी त्याची कारकीर्द. स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत त्याचा अंमल होता, पण त्या मुलखाला जोडणारा दुवा म्हणजे तो स्वतःच. चार मुलांची सोय त्याने जिवंतपणीच लावायला घेतली. थोरल्या हेन्रीला ११७० मध्ये राज्याभिषेकही केला. मुकुट दिला, सत्ता दिली नाही. धाकट्या जॉनसाठी थोरल्याच्या वाट्यातले तीन किल्ले काढायचे ठरले आणि ११७३ मध्ये बंड पेटले. तीन मुलगे बापावर उठले. राणी एलिनॉर मुलांच्या बाजूने गेली, म्हणून पुढे सुमारे पंधरा वर्षे तिला नजरकैद घडली. भांडणाला आसरा दिला तो फ्रान्सच्या राजाने, म्हणजे थोरल्याच्या सासऱ्याने. त्याच्या मुलाने, दुसऱ्या फिलिपने, १२०४ मध्ये जॉनकडून नॉर्मंडी घेतली.

आता आमच्या किनाऱ्याकडे येतो. मिठबावच्या उत्तरेला देवगड, त्यापलीकडे विजयदुर्ग. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. सेखोजीने चार वर्षे घर सांभाळले. १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोहीम चालू असतानाच तोही गेला आणि संभाजी व मानाजी या भावांत जुंपली. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा बळकावला. संभाजी चालून आला, तेव्हा त्याने बाजीरावाला हाक दिली आणि त्या मदतीपोटी कोथळा व राजमाची हे किल्ले पेशव्यांकडे गेले. १७३५ मध्ये बाजीरावाने निवाडा केला: मानाजी कुलाब्यास ‘वजारतमाब’, संभाजी विजयदुर्गास ‘सरखेल’. दोघांनाही मान मिळाला. आरमार मात्र दुभंगले.

निवाडा टिकला नाही. १७४० मध्ये संभाजी पुन्हा कुलाब्यावर आला. मानाजीच्या मदतीला या वेळी नानासाहेब आले आणि मुंबईकर इंग्रजांची जहाजेही आली. हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. कान्होजींनी ज्यांना आयुष्यभर दूर ठेवले, त्यांना कुलाब्याच्या पाण्यात त्यांच्याच मुलाने बोलावले होते.

१७५६ चा सारा दोष नानासाहेबांच्या माथी मारण्याची आपली रीत आहे. त्यांना मी निर्दोष मानत नाही. १७५५ मध्ये इंग्रजांशी करार करून त्यांनी स्वराज्याच्या आरमारावर परकी तोफा आणल्या, ही चूक मोठीच. पण त्या तोफांना वाट पंधरा वर्षे आधीच दाखवली गेली होती. संभाजीनंतर, १७४२ पासून, विजयदुर्ग राखणारा तुळाजी शूर खरा. पेशव्यांना मात्र तो जुमानत नव्हता. बाजीरावाने तंटा मिटवला आणि दोन किल्ले घेतले, तेव्हाच मध्यस्थ हा वाटेकरी झाला होता. फ्रान्सच्या राजांनी वेगळे काय केले?

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. आंग्र्यांनी कंपनीकडून पूर्वी जिंकून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर तोफेचा गोळा पडला. तिथून आग खेटून नांगरलेल्या गुराबा-गलबतांवर पसरली आणि आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. उरलेले आयुष्य त्याने त्यांच्या कैदेत काढले. विजयदुर्गाचे आरमार पुढे आनंदराव धुळपांकडे आले. कुलाब्याची मानाजीची शाखा १८४० पर्यंत टिकली. मग वारस नाही म्हणून तेही संस्थान इंग्रजांनी खालसा केले.