एचएमटी धान आणि नांदेडचे दादाजी



जून लागला की आमच्या पूर्व विदर्भात बियाण्याच्या दुकानात 'एचएमटी'ची विचारणा सुरू होते. बारीक दाणा, भात मऊ, बाजारात मागणी. पण हे वाण कोणी काढलं असं विचारा, तर नव्या पोरांपैकी बरेच जण कंपनीचं नाव सांगतात. म्हणून आज दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्याबद्दल लिहितो.

दादाजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. मराठवाड्यातलं नांदेड ते वेगळं. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकराच्या आसपास. मुलगा, सून, नातवंडं असं भरलेलं घर आणि सगळ्यांचं पोट त्याच तुकड्यावर आणि मजुरीवर.

१९८३ ची गोष्ट. बांधीत 'पटेल-३' हे धान उभं होतं. त्यात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. अशी 'भेसळ' आपल्या सगळ्यांच्याच बांधीत निघते. आपण ती उपटतो, नाहीतर चुरण्यात मिसळून जाते. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवलं आणि पुढच्या हंगामात वेगळं लावलं. त्यातून पुन्हा निवड, पुन्हा लावणी. असं पाच-सहा वर्षं चाललं.

आता यातली शेतीशास्त्राची बाजू. धान हे मुख्यतः स्वपरागीभवनाचं पीक. त्यामुळे चांगली लोंबी वेगळी लावून दरवर्षी त्यातली बेजोड झाडं काढत गेलं, तर काही पिढ्यांत वाण स्थिर होतं. पुस्तकात याला निवड पद्धत म्हणतात. याला प्रयोगशाळा लागत नाही. नजर लागते, वेगळी जागा लागते आणि धीर लागतो. दीड एकरवाल्याने जागा वेगळी ठेवायची, म्हणजे घरच्या खाण्याच्या धानातला तेवढा घास प्रयोगाला द्यायचा. मला यातलं सगळ्यात अवघड काम हेच वाटतं.

१९९० च्या सुमारास गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याने हे बी मोठ्या क्षेत्रावर लावलं. धान बाजारात गेलं तेव्हा त्याला नावच नव्हतं. त्या काळी एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव ठेवलं. बी हातोहात गावोगावी गेलं, पण त्यासोबत दादाजींचं नाव गेलं नाही.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण आलं. आम्ही शुद्धीकरण करून वाण सुधारलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. मूळ बी माझं, त्याचं श्रेय आणि मोबदला मला मिळाला नाही, असं दादाजींचं म्हणणं. शुद्धीकरण हेही मेहनतीचं काम आहे, ते मी नाकारत नाही. पण शुद्ध करायला आधी कोणीतरी लोंबी वेचावी लागते.

दादाजी तिथे थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न अशी वाणं त्यांनी काढली. एकाचं नाव डीआरके, म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव छापलं. पण घरातल्या आजारपणाने जमीन विकायची वेळ आणली, ती या मानसन्मानाने टळली नाही. ३ जून २०१८ ला ते गेले. शेवटचे दिवस आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेले.

दादाजींनी लोंबी वेचली तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याचा आधार नव्हता. २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला. आता शेतकऱ्याने काढलेलं किंवा जपलेलं वाण त्याच्या नावावर नोंदवता येतं. वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे हे मात्र दाखवावं लागतं, आणि तिथे लिहून ठेवलेलं कामी येतं.

म्हणून यंदा बांधीत वेगळी लोंबी दिसली, तर उपटायच्या आधी दोन मिनिटं पाहा. चांगली वाटली तर रंगीत दोरा बांधा. कापणीच्या आधी ती हाताने वेगळी काढा, सुकवा, पिशवीत चिठ्ठी टाका: तारीख, बांधी, मूळ वाण, काय वेगळं दिसलं. पुढच्या वर्षी प्रत्येक लोंबीची वेगळी ओळ लावा, दुसऱ्या धानापासून निदान ३ मीटर अंतर ठेवा. वही घरातल्या शिकणाऱ्या पोरीकडे किंवा पोराकडे द्या. आणि कोणाला बी दिलं, तर किती दिलं, कधी दिलं, तेही त्याच वहीत लिहा. कृषी सहायकाला ती वही दाखवा.

तुमच्या गावातही असं बी जपणारं कोणी म्हातारं माणूस असेल. या रोवणीच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसा, आणि वाणासोबत त्यांचं नावही लिहून घ्या.