पीळ दिलेले रबर, मग बॅटरी : मुक्त उड्डाणाच्या विमानाला रेडिओ बसवताना

18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्युलरी बागेत आल्फाँस पेनो या 21 वर्षांच्या तरुणाने एक छोटे विमान उडवून दाखवले. वजन अवघे 16 ग्रॅम. पंखा फिरवायला पीळ दिलेले रबर. ते सुमारे 11 सेकंद उडाले आणि त्यात 40 मीटर अंतर कापले. आकडे लहान वाटतील, पण एक गोष्ट लक्षात घ्या. हातातून सुटल्यावर त्या विमानाला सांभाळणारे कोणी नव्हते. पेनोने पंखांची टोके वर वळवली होती आणि शेपूट पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवले होते. विमान एका बाजूला कलले किंवा नाक वर गेले, तरी ते आपोआप सावरत असे. नियंत्रण यंत्रात नव्हते, आकारात होते.

पुढची कित्येक दशके रबरावरची विमाने याच तत्त्वावर बनली. त्यांत आणखी एक युक्ती आली. ताजा पीळ सुरुवातीला जोराचा झटका देतो, नंतर जोर ओसरत जातो. त्या झटक्याने नाक वर जाऊ नये आणि विमान डावीकडे गरकन वळू नये, म्हणून पंख्याचा दांडा थोडा खाली आणि उजवीकडे झुकवत.

मग यात विद्युत मोटर बसवायला इतका उशीर का झाला? ऊर्जा कमी पडत होती, असे उत्तर वर्गात हमखास येते. ते चूक आहे. चांगले रबर किलोमागे साधारण 10 किलोज्यूल ऊर्जा साठवते. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरीसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे होती. अडचण वेगळी होती. रबर म्हणजे इंजिन आणि टाकी एकत्रच, आणि ते काही ग्रॅमचेही चालते. मोटर, बॅटरी आणि रेडिओ-संच यांचे किमान वजनच या नाजूक विमानांना पेलणारे नव्हते. 1957 मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओ-नियंत्रित विमान चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवले, पण ते अंगापिंडाने मोठे होते. 1960 च्या सुमारास जर्मनीत फ्रेड मिलित्की यांचे ‘सिलेंटियुस’ बाजारात आले; ते विद्युत होते, पण मुक्त उड्डाणाचेच. काही ग्रॅमच्या मोटरी, हलके सर्व्हो आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या सहज मिळू लागल्या त्या एकविसाव्या शतकात. तेव्हा कुठे बालसा लाकडाचे जुने आराखडे पुन्हा टेबलावर आले.

असा आराखडा तुम्ही हाती घेतलात, तर आधी गुरुत्वमध्य पाहा. रबराचे वजन नाकापासून शेपटाकडच्या खुंटीपर्यंत पसरलेले असते. मोटर बसते नाकात, म्हणून बॅटरी पुढे-मागे सरकवून मूळ गुरुत्वमध्य साधावा लागतो. ताणलेले रबर सांगाड्याला लांबीच्या दिशेने दाबत असे. तो भार आता नाही, त्यामुळे मागची खुंटी आणि तिच्याभोवतीचे जाड लाकूड काढता येते. एलेरॉनच्या फंदात शक्यतो पडू नका. पंख वर झुकलेले असल्याने शेपटाची उभी पट्टी वळवली की विमान आपसूक कलते आणि वळते. तेवढे पुरते.

आमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रयत्नात एक चूक केली, आणि ती मीही चालू दिली. ‘मोटर लहान वाटते’ म्हणून मोठी लावली. रबराचे विमान एकाच मंद वेगासाठी तोललेले असते. उद्धारक बल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ते चौपट. पूर्ण थ्रॉटल देताच विमानाने नाक वर केले, उलटी कोलांटी घेतली आणि मैदानाच्या कडेला आपटले. सांगाडा दुरुस्त करायला दोन रविवार गेले. नंतर मोटर लहान लावली, दांडा आणखी दोन अंश खाली झुकवला. तिसऱ्या उड्डाणात उंचीवर गेल्यावर थ्रॉटल बंद करून मुलीने दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले. विमान एक मोठे वर्तुळ घेत, कोणी काही न करता, गवतावर उतरले.