मत्स्यरोगकारक जीवाणूंचे लोहग्रहण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जीवाणूंच्या वाढीस लोह अत्यावश्यक असते; परंतु माशाच्या रक्तातील ट्रान्स्फेरिन हे प्रथिन लोह बांधून ठेवते. लोह बांधल्यास जीवाणूंची वाढ खुंटते, हे शेड व कॅरोलाइन यांनी १९४४ मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकावरील प्रयोगांतून दाखविले. १९८० मध्ये होर्हे क्रोसा यांनी ‘व्हिब्रिओ अँग्विलॅरम’ या सागरी मत्स्यरोगकारक जीवाणूची लोह मिळविण्याची क्षमता प्लाझ्मिड या सुट्या जनुकद्रव्यावर अवलंबून असल्याचे सिद्ध केले. प्लाझ्मिड गमावलेला जीवाणू रोगकारक शक्तीही गमावतो. लोह खेचून आणणाऱ्या अशा रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. रोहू, कटला यांना ग्रासणाऱ्या ‘एरोमोनास हायड्रोफिला’च्या अनेक वाणांत ‘ॲमोनाबॅक्टिन’ हा सिडेरोफोर आढळतो.

खानदेशात हा अभ्यास मातीच्या मार्गाने रुजला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) डॉ. एस. बी. चिंचोलकर यांनी अजित वर्मा यांच्यासमवेत संपादित केलेला ‘मायक्रोबियल सिडेरोफोर्स’ हा ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिकांच्या मुळांशी राहणारे उपकारक जीवाणू सिडेरोफोरद्वारे रोगकारक बुरशीचे लोह हिरावून घेतात. म्हणजेच शेतात मित्र ठरणारा रेणू तळ्यात शत्रू ठरतो. जळगाव-धुळ्याच्या मत्स्यसंवर्धनात प्रतिजैविकांवर विसंबण्यापूर्वी लोहाची ही स्पर्धा समजून घेणे अगत्याचे आहे. मातीत मिळविलेले ज्ञान त्यासाठी उपयुक्त ठरेल, असे म्हणता येईल.