घोसीपुऱ्याचा थांबा

ग्वाल्हेरच्या छोट्या गाडीच्या गोष्टी आपल्या मंडळात अनेकांकडे आहेत. घोसीपुऱ्याची आठवण मात्र क्वचितच निघते. निघणार तरी कशी? ना स्टेशन मास्तर, ना हमाल, ना चहाचा स्टॉल. माझ्या लहानपणी तिथे नावाची पाटी होती, थोडी सावली होती आणि गाडी थांबत होती. सोयी एवढ्याच.

या गाडीचा उगम हौसेचा. महाराज माधवराव शिंदे यांनी राजवाड्याच्या आवारात छोटी रेल्वे चालवली होती. त्यातूनच दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभी राहिली. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीचे मार्ग सुरू झाले. तिसरा मार्ग १९०४ मध्ये सबलगढपर्यंत आणि १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत गेला. पुढे तिचे नाव सिंधिया स्टेट रेल्वे झाले आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. शिवपुरीचे रूळ उखडले गेले, भिंडला ब्रॉडगेज झाली. श्योपूरची सुमारे दोनशे किलोमीटरची वाट तेवढी जुन्या रुळांवर राहिली. गाडीला दहा तासांहून अधिक वेळ लागे आणि डब्यांइतकीच माणसे टपावर बसत.

माझे आजोबा जौऱ्याला नोकरीला होते. गणपतीला घरी येताना ते मुख्य स्टेशनवर न जाता घोसीपुऱ्याला उतरत, कारण तिथून घर जवळ पडे. आम्ही भावंडे त्यांना आणायला जात असू. ते सांगत, "इथे तिकीट बघायला कुणी नसतं, म्हणून तिकीट जपून ठेवायचं." सरकारी नोकरीत आल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली, ती पुन्हा धावली नाही. आता ब्रॉडगेजचे काम सुरू आहे. जौरा, कैलारसच्या लोकांना वेगवान गाडी हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवा मार्ग रायरूकडून जातो, घोसीपुरा बाजूलाच राहिला. कर्मचारी नसलेल्या स्टेशनला निरोप समारंभ नसतो आणि कार्यभार कुणाकडे सोपवायचा हा प्रश्नही येत नाही.

मी डिप्लोमा झालेला उपयंत्री. जुने बांधकाम पाडण्याआधी त्याची मोजमापे नोंदवायची, हे आमच्या कामातच आहे. घोसीपुऱ्याची नोंद आपणच करायला हवी. ज्यांच्याकडे या गाडीचे तिकीट, फोटो किंवा नुसती आठवण असेल, त्यांनी ती या दहा दिवसांत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. आजोबांची दोन तिकिटे मी घेऊन येतो.