त्रिवार महान हर्मीस : प्राचीनत्वाचा निकाल आणि त्यानंतर

१

ग्रंथाची निवड चुकीच्या कारणासाठी व्हावी आणि तरीही त्या ग्रंथाने एका खंडाच्या विचारास वळण द्यावे, असे प्रसंग भाषांतराच्या इतिहासात विरळ आहेत. इ. स. १४६० च्या सुमारास लिओनार्दो दा पिस्तोइआ नावाच्या एका भिक्षूने मॅसिडोनियातून एक ग्रीक हस्तलिखित फ्लॉरेन्सला आणले. त्या नगराचा सूत्रधार कोसिमो दे मेदिची वृद्ध झाला होता. प्लेटोचे संवाद लॅटिनमध्ये आणण्यासाठी त्याने मार्सिलिओ फिचीनो या तरुण पंडितास हाताशी धरले होते व ग्रीक पोथ्याही जमविल्या होत्या. परंतु नवे हस्तलिखित हाती येताच त्याने फिचीनोला सांगितले, की प्लेटो तूर्त बाजूस राहू दे, आधी हे. १४६३ च्या वसंतात चौदा प्रकरणांचे भाषांतर पुरे झाले. १४६४ मध्ये कोसिमो निवर्तला. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला प्लेटोच्याही आधी वाचावासा वाटलेला हा ग्रंथ कोणता?

तो होता हर्मीस त्रिस्मेगिस्तस, म्हणजे ‘त्रिवार महान’ हर्मीस, याच्या नावावर चालत आलेला प्रकरणसंग्रह. लेखनाचा व ज्ञानाचा ईजिप्शियन देव थॉथ आणि ग्रीकांचा देवदूत हर्मीस यांचे एकरूप होऊन ही व्यक्ती सिद्ध झाली होती. फिचीनोच्या काळी मात्र तो देव नव्हता, ऋषी होता : मोझेसच्या आगेमागे होऊन गेलेला, आणि ज्याच्या शिष्यपरंपरेत ऑर्फियस, पायथॅगोरस व अखेरीस प्लेटो येतात असा आद्य धर्मवेत्ता. लॅक्टॅन्शियससारख्या ख्रिस्ती आचार्याने त्याला ख्रिस्ताची चाहूल लागलेला द्रष्टा मानले होते. सेंट ऑगस्टीनने त्याची निर्भर्त्सना केली खरी, पण त्याच्या प्राचीनतेविषयी शंका घेतली नाही. जे सर्वांत जुने ते सर्वांत शुद्ध, ही त्या युगाची श्रद्धा होती. झरा उगमाशी निर्मळ असतो हा दृष्टान्त आपणांसही परका नाही.

फिचीनोचे भाषांतर १४७१ मध्ये त्रेव्हीझो येथे छापले गेले आणि त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघू लागल्या. १४८८ मध्ये सिएनाच्या कॅथीड्रलच्या फरसबंदीवर हर्मीसची आकृती कोरली गेली. ज्याला चर्चच्या उंबरठ्याशी बसवावे असा हा परधर्मी होता. पुढे अग्रिप्पाने आपल्या गूढविद्येवरील ग्रंथात (१५३३) निसर्ग, ग्रहमंडल आणि देवलोक अशा तीन पातळ्यांवर यातुविद्येची जी मांडणी केली, तिच्या पायाशी हाच हर्मीस होता. १६०० मध्ये रोमच्या चौकात जाळला गेलेला जोर्दानो ब्रूनो हाही ईजिप्तच्या त्या धर्माच्या पुनरुज्जीवनाचे स्वप्न पाहणारा होता, असे फ्रान्सेस येट्स या विदुषीने १९६४ मधील आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. त्या प्रतिपादनात अतिशयोक्ती आहे असे पुढील अभ्यासकांस वाटले, तरी प्रबोधनकालाच्या इतिहासात हर्मीसला पुन्हा आसन मिळाले ते त्या ग्रंथामुळेच.

२

या सर्व इमारतीचा पाया १६१४ मध्ये एका व्याकरणपंडिताने काढून घेतला. आयझॅक कॅसोबाँ हा ग्रीक भाषेचा त्या काळातील अग्रगण्य जाणकार. कार्डिनल बारोनियस याच्या चर्चविषयक बखरींचे खंडन करण्यासाठी त्याने लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात हर्मीसचा विचार ओघाने आला. त्याची पद्धती साधी होती. ज्या पुस्तकाचा कर्ता मोझेसचा समकालीन, त्यात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील शिल्पकार फिडियस याचे नाव कसे येते? मूळ भाषा ईजिप्शियन असेल, तर केवळ ग्रीकमध्येच साधणाऱ्या कोट्या तेथे कशा? प्लेटोच्या कल्पना, बायबलमधील वळणे आणि उत्तरकालीन ग्रीकातच आढळणारे शब्द यांचा उलगडा कसा करावयाचा? निष्कर्ष अटळ होता : ही प्रकरणे ख्रिस्तोत्तर काळातील आहेत. कॅसोबाँ त्याच वर्षी लंडनमध्ये वारला. त्याच्या शेकडो पानांत हा निकाल थोड्याच पानांत आटोपलेला आहे. पण ग्रंथचिकित्सेच्या सामर्थ्याचे याहून लख्ख उदाहरण दाखविणे कठीण.

आता या निकालाचे पुढे काय झाले ते पाहावे. विद्वानांनी तो हळूहळू स्वीकारला. पण ज्यांना हर्मीस हवाच होता, त्यांनी तो ऐकलाच नाही. १६५० मध्ये जॉन एव्हरार्डचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा कॅसोबाँचा ग्रंथ छत्तीस वर्षांचा जुना होता. तरीही प्रस्तावनेत हे पुस्तक मोझेसच्याही कित्येक शतके आधीचे असल्याचे निःशंकपणे सांगितलेले आहे. आधुनिक यातुविद्येच्या हाती पडला तो हाच एव्हरार्डचा हर्मीस.

३

लंडनमध्ये १८८८ साली ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ हे दीक्षामंडळ स्थापन झाले. वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन हे त्याचे तिघे संस्थापक फ्रीमेसन होते; पण फ्रीमेसनांच्या प्रघातास सोडून त्यांनी स्त्रियांना बरोबरीने प्रवेश दिला. वेस्टकॉटने १८९३ पासून हर्मेटिक लेखनाची एक ग्रंथमाला चालविली आणि तीत एव्हरार्डचे भाषांतर पुन्हा छापले. मंडळाचे दीक्षाक्रम यहुदी कबालाच्या जीवनवृक्षावर बेतलेले होते. प्रथम दीक्षेचे दालन मात्र ईजिप्शियन न्यायमंदिर असे, आणि विधी चालविणारे अधिकारी तेथील देवतांची रूपे धारण करीत. त्यात भारताचाही वाटा होता. रामप्रसाद यांच्या १८९० मधील इंग्रजी ग्रंथातून पंचतत्त्वे घेण्यात आली होती. पिवळा चौकोन, रुपेरी चंद्रकोर, लाल त्रिकोण, निळे वर्तुळ आणि गडद अंडाकृती यांवर दृष्टी स्थिर करून साधक मनोलोकात प्रवेश करीत. स्वरशास्त्र ठाऊक असलेल्या वाचकास ही आकृतिमाला ओळखीची वाटेल.

या मंडळाला आपला अधिकार सिद्ध करण्यासाठी काय लागले हे फार बोलके आहे. वेस्टकॉटजवळ सांकेतिक लिपीतील काही कागद होते आणि जर्मनीतील एका गूढ दीक्षितेने आपणांस पत्रांनी अनुज्ञा दिली असे तो सांगे. १९०० च्या फेब्रुवारीत मॅथर्सने फ्लॉरेन्स फार या सहकारिणीस लिहिलेल्या पत्रात तो पत्रव्यवहार बनावट असल्याचा आरोप केला आणि मंडळ दुभंगले. १९७२ मध्ये एलिक हाऊ या संशोधकाने कागदपत्रे तपासून त्या जर्मन दीक्षितेची कथा रचलेली असल्याचेच दाखवून दिले. म्हणजे हर्मीसच्या बाबतीत जे दीड हजार वर्षांपूर्वी घडले, तेच व्हिक्टोरियन लंडनमध्ये एका पिढीच्या आत घडले : विद्येला आधी जुना गुरू हवा, तो नसला तर निर्माण करावा. १९०८ मध्ये शिकागोहून ‘द कायबॅलियन’ हे ‘तीन दीक्षितां’च्या नावाने निघालेले पुस्तक त्याच वाटेने गेले. हर्मीसची सात तत्त्वे म्हणून ते आजही वाचले जाते. पण ज्या प्राचीन ग्रंथावर ते भाष्य करते म्हणतात, तो ग्रंथ कोणी पाहिलेला नाही. त्याचा कर्ता म्हणून आज अभ्यासक विल्यम वॉकर अ‍ॅट्किन्सन या अमेरिकन वकिलाकडे बोट दाखवितात. हेच गृहस्थ ‘योगी रामचारक’ या नावाने हठयोगावरही पुस्तके लिहीत असत. ईजिप्त आणि हिंदुस्थान या दोन्ही देशांची प्राचीनता एकाच लेखणीतून पाझरत होती, यावर अधिक भाष्य नको.

४

येथे लेख थांबविला, तर तो कॅसोबाँचा विजयलेख होईल. परंतु प्रकरण इतके सोपे नाही. बनावट वंशावळीखाली खरे रक्त असू शकते.

कॅसोबाँ काळाविषयी बरोबर होता, स्वरूपाविषयी नव्हे. त्याला ही प्रकरणे कोणा ख्रिस्ती लेखकाची कारागिरी वाटली. आज ती रोमन अमलाखालील ईजिप्तमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, ग्रीक बोलणाऱ्या व देवळांच्या परंपरेशी परिचित अशा मंडळींकडून निर्माण झाली असे मानण्याकडे कल आहे. १९४५ मध्ये वरच्या ईजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ कॉप्टिक पोथ्यांचा जो साठा सापडला, त्यातील सहाव्या पोथीत हर्मीसचीही प्रकरणे निघाली. त्यांपैकी एकात गुरू शिष्याला आठव्या व नवव्या लोकाचे दर्शन घडवितो. ते दर्शन निव्वळ युक्तिवादाने घडत नाही. तेथे प्रार्थना आहे, गुरुशिष्यांचे आलिंगन आहे आणि अर्थहीन भासणाऱ्या स्वरांच्या मालिका आहेत. त्याच पोथीतील एक आभारप्रार्थना लॅटिन ‘अस्क्लेपियस’च्या शेवटीही येते आणि ग्रीक यातुविद्येच्या एका पपायरसातही येते. एकच प्रार्थना तत्त्वग्रंथात आणि जादूच्या पोथीत! फेस्त्युजिएर या थोर फ्रेंच पंडिताने १९४४ ते १९५४ या काळात चार खंड लिहून हर्मेटिक वाङ्मय हे प्रायः वाचनाचे अध्यात्म, त्यामागे पंथ वा विधी नव्हते, असे मांडले होते. नव्या पुराव्यानंतर माहे आणि फाउडन यांनी तो निष्कर्ष बदलावयास लावला. तत्त्वज्ञान आणि यातुकर्म यांमध्ये विद्वानांनी उभारलेली भिंत मूळ घरात नव्हती.

भारतीय वाचकास याचे नवल वाटू नये. ‘अस्क्लेपियस’मध्ये मनुष्य देव घडवितो असा एक भाग आहे : वनस्पती, सुगंधी द्रव्ये, स्तोत्रे यांच्या योगे मूर्तीत दैवी सत्त्व उतरविले जाते. याच भागामुळे ऑगस्टीन संतापला आणि याच भागाचे स्पष्टीकरण करताना फिचीनोची ओढाताण झाली. प्राणप्रतिष्ठेचा विधी घरच्या गणपतीपासून पाहिलेल्या माणसाला तेथे संताप वा ओढाताण यांपैकी कशाचीच गरज भासत नाही. तथापि या ओळखीचा मोहही आवरला पाहिजे. वरच्या आणि खालच्या सृष्टीतील अनुरूपतेचे जे सूत्र हर्मीसच्या नावावर सर्वतोमुखी आहे, ते ग्रीक प्रकरणांतील नसून अरबी भाषेतून आलेल्या ‘पाचूच्या फलका’तील आहे. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणून त्याला मिठी मारण्यापूर्वी कोणता पिंड आणि कोणते ब्रह्मांड, हे विचारणे हेच टीकाकाराचे काम.

५

भाषांतरकार म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करतो तो सोळाव्या प्रकरणाचा आरंभ. फिचीनोच्या हस्तलिखितात ते नव्हते; लोदोव्हिको लाझारेल्लीने ते पुढे लॅटिनमध्ये आणले. तेथे अस्क्लेपियस अम्मोन राजाला बजावतो, की ही विद्या ग्रीकांच्या हाती पडू देऊ नये. त्यांची भाषा वाद घालण्यास चांगली, पण पोकळ. आमच्या ईजिप्शियन शब्दांच्या ध्वनीतच वस्तूंचे सामर्थ्य आहे आणि भाषांतरात ते नष्ट होते. ही तक्रार नोंदविलेली आहे ती उत्तम ग्रीकमध्ये! विसंगती उघड आहे. कॅसोबाँच्या वारसाला ती पुरे. पण मला त्यात निव्वळ लबाडी दिसत नाही. ज्याची देवळांची भाषा ओसरत चालली आहे आणि ज्याला राज्यकर्त्यांच्या भाषेवाचून वाचक उरलेला नाही, अशा माणसाचे ते वाक्य आहे. इंग्रजीत मराठीची महती सांगणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी ते वेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे.

याच श्रद्धेचे दुसरे टोक आधुनिक यातुविद्येत सापडते. गोल्डन डॉनचे साधक अनोळखी देवनामे अर्थाकडे न पाहता दीर्घ कंपनाने उच्चारीत. इयाम्ब्लिकसनेही परकीय नामे भाषांतरित करू नयेत असे म्हटले होते. मंत्रशास्त्राची भूमिका याहून निराळी नाही. पण अर्थ हा दाराबाहेर काढला तरी खिडकीतून येतो. पूर्वी ब्रिटिश म्यूझियममध्ये असलेल्या एका पपायरसात ‘अकेफालॉस’, म्हणजे शिर नसलेल्या देवाचे आवाहन आहे. गुडविनने ते १८५२ मध्ये प्रसिद्ध केले. १९०४ मध्ये क्राउलीने छापलेल्या विधीत तोच देव ‘न जन्मलेला’ झाला. शिर नाही म्हणजे आरंभ नाही, आरंभ नाही म्हणजे जन्म नाही, अशी ही वाट असावी. भाषांतर म्हणून हे चूक आहे. पण विधी म्हणून त्याने एका भयंकर धडाला ‘अज’ केले आणि तेथून पुढे ते आवाहन साधकाच्या आत्मस्वरूपाचे झाले. चुकीचे भाषांतर आणि नवी निर्मिती यांमधील रेषा येथे पुसट होते. नाहीशी मात्र होत नाही.

६

गोल्डन डॉनमध्ये १८९० साली दीक्षित झालेला कवी डब्ल्यू. बी. येट्स हा या कथेचा अखेरचा साक्षी. आयुष्याच्या उत्तरार्धात तो एका मराठी संन्याशाजवळ येऊन बसला. बडनेऱ्यात जन्मलेले श्रीपुरोहित स्वामी त्याला १९३१ मध्ये भेटले. स्वामींनी आपल्या गुरूंच्या कैलास-मानसयात्रेचे मराठी निवेदन इंग्रजीत आणले, त्याला १९३४ मध्ये येट्सने प्रस्तावना लिहिली. आणि दोघांनी मिळून केलेला दहा उपनिषदांचा अनुवाद १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या खेपेस ग्रंथ खरोखर प्राचीन होता, परंपरा जिवंत होती आणि सांकेतिक कागदांची वा काल्पनिक पत्रांची गरज नव्हती. तरीही अनुवाद करताना येट्सला पडलेला प्रश्न जुनाच होता : विद्वानांच्या परिभाषेला बाजूस सारून हे शब्द बोलते कसे करावेत?

हर्मीसच्या इतिहासातून मी घेतलेला बोध एवढाच, की वय हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे आणि वय खोटे ठरले म्हणून वचनही खोटे ठरत नाही. कॅसोबाँने जे केले ते आपल्या आवडत्या ग्रंथांनाही लावून पाहण्याचे धैर्य हवे. आणि ते लावल्यावर जे उरते ते पुन्हा वाचण्याची सहृदयताही हवी. कोसिमोने मागितला तो मोझेसकालीन ऋषी. त्याला मिळाली ती ईजिप्तच्या अस्तमान देवळांतील काही अनामिक माणसांची कळकळ. फिचीनोने ती प्रामाणिकपणे लॅटिनमध्ये उतरविली. त्याचे कारण चुकले होते. काम चुकले नव्हते.