रेडिओएम्बोलायझेशन

रेडिओएम्बोलायझेशन ही यकृतातील कर्करोगाच्या गाठींपर्यंत रोहिणीमार्गे किरणोत्सर्गी सूक्ष्मगोलक पोहोचवून करण्यात येणारी उपचारपद्धती आहे. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या प्राथमिक यकृत कर्करोगात, तसेच मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या कर्करोगात ती वापरली जाते.

तत्त्व

निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त प्रवेशिका नीलेतून आणि उरलेले यकृत रोहिणीतून मिळते. गाठींचे पोषण मात्र प्रामुख्याने यकृत रोहिणीतून होते. त्यामुळे रोहिणीत सोडलेले गोलक गाठींच्या सूक्ष्म वाहिन्यांत अधिक प्रमाणात अडकतात. काच किंवा रेझिनच्या या गोलकांचा व्यास साधारण २० ते ६० मायक्रोमीटर असतो. त्यांतील यिट्रिअम-९० बीटा कण उत्सर्जित करते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६४ तास असून कण ऊतींमध्ये सरासरी २.५ मिलिमीटर अंतर जातात.

रोहिणींची रचना

सामान्यतः महारोहिणीच्या सीलिअॅक शाखेतून सामाईक यकृत रोहिणी निघते. तिच्यापासून जठर व आद्यांत्राकडे जाणारी शाखा फुटल्यावर मुख्य यकृत रोहिणी उजव्या व डाव्या शाखांत विभागते. ही रचना सर्वांत सारखी नसते. काहींमध्ये उजवी शाखा ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणीतून, तर डावी शाखा डाव्या जठर रोहिणीतून निघते. अशी शाखा नजरेतून सुटल्यास गाठीचा काही भाग उपचाराविना राहतो. गोलक जठर किंवा आद्यांत्रात गेल्यास तेथे व्रण होतात.

कार्यपद्धती

प्रथम मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून कॅथेटर घालून वाहिन्यांचे चित्रण केले जाते. धोकादायक शाखा आवश्यकतेनुसार धातूच्या कॉइलने बंद करतात. त्यानंतर टेक्नेशिअम-९९एम जोडलेले अल्ब्युमिनचे कण सोडून गॅमा कॅमेऱ्याने त्यांचे वितरण तपासतात. गाठीतील असामान्य जोडवाहिन्यांमुळे काही कण फुप्फुसांत पोहोचतात. फुप्फुसांना मिळणारी मात्रा एका उपचारात ३० ग्रे आणि एकूण ५० ग्रे यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. ती ओलांडण्याची शक्यता असल्यास मात्रा कमी करतात किंवा उपचार टाळतात. प्रत्यक्ष उपचारात सूक्ष्म कॅथेटर निवडलेल्या शाखेत नेऊन गोलक सावकाश सोडले जातात. प्रवाह उलटून गोलक अन्य शाखांत जाऊ नयेत, यासाठी क्ष-किरण प्रतिमेवर लक्ष ठेवले जाते.

दुष्परिणाम

थकवा, मळमळ, पोटदुखी व सौम्य ताप हे नेहमीचे दुष्परिणाम होत. जठरव्रण, पित्ताशयदाह, किरणोत्सर्गजन्य फुप्फुसदाह व यकृतविकार हे गंभीर, परंतु कमी आढळणारे दुष्परिणाम आहेत. यकृताची कार्यक्षमता आधीच खालावलेली असल्यास धोका वाढतो.

भारतातील निर्मिती

मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने यिट्रिअम-९० युक्त काचेचे सूक्ष्मगोलक ‘भाभास्फिअर’ या नावाने विकसित केले आहेत.